वापरलेली आलिशान मोटार : इतिहास, तपासणी आणि निदान

बालरोगतज्ज्ञाने मोटारींविषयी लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या शाखेचे एक वैशिष्ट्य असे, की आमचा रुग्ण स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने दुसरेच कोणी बोलते, आणि म्हणून केसपेपरवर इतिहास लिहिण्यापूर्वी माहिती देणारा कोण व तो कितपत विश्वसनीय, याची नोंद करण्याची सवय आम्हांला विद्यार्थिदशेपासून लावली जाते. वापरलेली गाडी घेताना नेमकी हीच परिस्थिती असते. गाडी मुकी असते आणि तिचा इतिहास विकणारा सांगतो. फरक इतकाच, की आईला मूल बरे व्हावे असे वाटत असते, तर विकणाऱ्याला ते लवकरात लवकर दुसऱ्याच्या घरी जावे असे वाटत असते.

आपल्या संस्थेतील तरुण सभासद गेल्या काही वर्षांत या विषयावर वारंवार विचारणा करू लागले आहेत. त्याचे कारण उघड आहे. बंजारा हिल्स, ज्युबिली हिल्स, गच्चीबावली या परिसरात तीन-चार वर्षांनी गाडी बदलणारा एक वर्ग तयार झाला असून, त्यांच्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी जुन्या बाजारात येत असतात. नवीन असताना साठ-सत्तर लाखांना घेतलेली गाडी सहा-सात वर्षांनी वीस-बावीस लाखांत समोर उभी राहते. काचीगुड्याला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला तीच रक्कम एखाद्या नव्या मध्यम गाडीसाठी मोजावी लागणार असते. अशा वेळी मन कोठे ओढ घेते हे सांगायला नको. मात्र हा हिशेब करताना एक गोष्ट नजरेआड होते. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. सत्तर लाखांच्या गाडीचा हेडलॅम्प, गिअरपेटी आणि संगणकीय कंट्रोल युनिट ही सत्तर लाखांच्या गाडीचीच राहतात. त्यामुळे अशी गाडी घेताना खरेदीच्या किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गाड्यांचा आणि आपल्या मराठी मुलखाचा संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. मर्सिडीज-बेंझने भारतात पाऊल ठेवले ते १९९४ साली, टाटांच्या सहकार्याने. आणि १९९५ पासून पिंपरीत ई-क्लासची जुळणी सुरू झाली. ती डब्ल्यू १२४ या मालिकेतील गाडी होती. पुढे २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना आला. ऑडीची जुळणी औरंगाबादजवळ, शेंद्रा येथील स्कोडाच्या कारखान्यात सुरू झाली. म्हणजे १९५६ पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यातच असलेल्या, आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातून या जर्मन गाड्या येथे येऊ लागल्या. बीएमडब्ल्यूने मात्र २००७ साली चेन्नईजवळ कारखाना काढला. या इतिहासाचा व्यावहारिक उपयोग असा, की येथे जुळणी झालेल्या मॉडेलांचे सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक मिळणे सोपे जाते. एखाद्याने हौसेने परदेशातून पूर्ण बांधणीची आणलेली दुर्मीळ गाडी जुन्या बाजारात स्वस्त दिसली, तर तिच्या स्वस्ताईचे कारण बहुधा हेच असते.

निदानापूर्वी प्रकृती पाहावी लागते. गाडीची नव्हे, घेणाऱ्याची. डॉक्टरांची गाडी कशी चालते? सकाळी घरून इस्पितळ, तेथून दुपारी घर, संध्याकाळी दवाखाना, मध्यरात्री एखादी तातडीची हाक. प्रत्येक फेरी चार-पाच किलोमीटरची, तीही कोठी आणि मलकपेठच्या गर्दीतून. असे चालणे आधुनिक डिझेल इंजिनाला मुळीच मानवत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. तिच्यात साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते. इंजिन पुरते तापण्याआधीच आपण दवाखान्याच्या दारात गाडी बंद केली, तर ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि जाळी तुंबते. जाळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली झिरपून इंजिन ऑइलमध्ये मिसळते व ऑइल पातळ होते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली म्हणून आनंद मानणारे गृहस्थ मला भेटलेले आहेत! ज्यांना दर आठवड्याला नांदेड किंवा सोलापूरपर्यंत जावे लागते त्यांनी डिझेल खुशाल घ्यावे. बाकीच्यांनी पेट्रोल गाडीच पाहावी. पेट्रोलविषयीही एक सावधगिरी आहे. २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यामुळे अशा गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्या, जोड आणि पंप यांची तपासणी आवर्जून करून घ्यावी.

आता इतिहासाकडे वळू. आम्ही बाळाचे लसीकरण कार्ड आणि वाढीचा तक्ता मागतो. येथे सर्व्हिस बुक आणि बिले मागावीत. अधिकृत सर्व्हिस केंद्रात गाडीच्या चासी क्रमांकावरून प्रत्येक भेटीची तारीख व किलोमीटर यांची नोंद असते, आणि मूळ मालक सोबत असेल तर ती पाहता येते. दोन नोंदींमध्ये तीन वर्षांची पोकळी दिसली तर त्या काळात गाडीची देखभाल बाहेर झाली, किंवा झालीच नाही. बाहेर झाली असण्यात गैर काही नाही. राणीगंजच्या परिसरातून भाग आणून उत्तम काम करणारे कारागीर या शहरात आहेत. पण मग बिले हवीत.

किलोमीटर दाखवणारा आकडा मागे फिरवणे हा जुन्या बाजारातील सर्वांत सामान्य रोग आहे आणि डिजिटल मीटर आल्याने तो कमी न होता सोपा झाला. सुदैवाने या गाड्यांत तोच आकडा एकापेक्षा अधिक ठिकाणी साठवलेला असतो. एका काळातील बीएमडब्ल्यू गाड्यांत मीटर आणि दिव्यांचे कंट्रोल युनिट यांतील नोंदी जुळल्या नाहीत तर मीटरवर एक बारीक ठिपका पेटतो. मर्सिडीजमध्येही किल्लीचे युनिट, गिअरपेटीचे युनिट अशा निरनिराळ्या जागी नोंदी तपासता येतात. यंत्राशिवायही पुष्कळ कळते. पस्तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेकच्या पायडलीचे रबर गुळगुळीत होत नाही, चालकाच्या आसनाच्या उजव्या कडेचे चामडे फाटत नाही आणि स्टिअरिंगवरची खरखर जात नाही.

आम्ही मुलाच्या सांगितलेल्या वयाबद्दल शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतो. गाडीलाही हाडांचे वय असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. काचेच्या कोपऱ्यात, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर, दिव्यांच्या मागील बाजूस निर्मितीच्या खुणा असतात. गाडी २०१७ ची आणि डाव्या दाराची काच २०२१ ची असेल तर त्या बाजूला काहीतरी घडले आहे. आपल्या शहरात नंबर प्लेटही वय सांगते. एपी ०९ अशी पाटी असेल तर गाडीची नोंदणी जून २०१४ पूर्वीची. टीएस असेल तर त्यानंतरची. आणि टीजी असेल तर मार्च २०२४ नंतरची, अथवा अलीकडे अन्य राज्यातून येऊन येथे नव्याने नोंदलेली. ही शेवटची शक्यता लक्षात ठेवावी, कारण नव्या पाटीमागे जुनी गाडी असू शकते.

अल्प किलोमीटर म्हणजे उत्तम प्रकृती हा समजही तपासून घेतला पाहिजे. चौमहल्ला राजवाड्यात निजामांची पिवळी रोल्स-रॉइस ठेवलेली आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी तिची मागणी नोंदवली, १९११ साली त्यांचे निधन झाले आणि गाडी आली ती उस्मान अली खानांच्या कारकिर्दीत. दरबारी थाटाची ही गाडी सबंध आयुष्यात फारच थोडे मैल चालली. संग्रहालयासाठी हे छान आहे. पण रोजच्या वापरासाठी घेतलेली गाडी सहा वर्षांत बारा हजार किलोमीटर चालली असेल तर ती बहुतांश काळ उभी होती, आणि उभ्या गाडीचे रबरी सील वाळतात, ब्रेकचे द्रव पाणी शोषते, टायर एका जागी चपटतात व बॅटरी मरते. मी स्वतः वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर नियमित चाललेली गाडी अधिक पसंत करतो.

हैदराबादच्या ग्राहकाने सर्वांत अधिक भ्यावे ते पुराच्या गाडीला. ऑक्टोबर २०२० मध्ये या शहरात जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तळघरांत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली. अशा प्रत्येक संकटानंतर विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकायला येतात. अलीकडच्या आलिशान गाडीत विजेच्या तारांचे जाळे आणि कित्येक कंट्रोल युनिटे असतात, त्यांतील काही गालिच्याखाली किंवा बूटच्या तळाशी. पाण्याने त्यांच्या जोडांवर चढलेला हिरवा गंज सहा महिन्यांनी, वर्षाने आपले काम सुरू करतो. आज खिडकी अडते, उद्या गिअर अडतो, आणि रोग नेमका कोठे आहे हे कोणालाच सापडत नाही. तपासणी सोपी आहे. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ कोणी धुतलेली नसते. आसनांचे बोल्ट व रुळ पाहावेत, बूटमधील गालिचा उचलून टायरच्या खळग्यात गाळ आहे का ते पाहावे, हेडलॅम्पच्या आत ओलाव्याची रेषा आहे का ते पाहावे. गाडीत शिरताच अत्तराचा घमघमाट आला तर दारे बंद करून दहा मिनिटे उन्हात बसावे. अत्तराखालचा कुबट वास वर येतो.

पुराशिवायही पाणी आत शिरते. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गुलमोहर किंवा कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पाचोळ्याने तुंबतात. जुन्या ऑडी आणि पहिल्या पिढीच्या स्कोडा सुपर्बमध्ये काचेखालच्या बॅटरीच्या कप्प्याचे निचरे तुंबून पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरत असे. हाताने गालिचा दाबून ओल पाहणे याला एक पैसाही लागत नाही.

आता त्या त्या घराण्याचे आनुवंशिक आजार पाहू. हा भाग थोडा विस्ताराने लिहीत आहे, कारण विकणाऱ्याशी बोलताना आपल्याला हे माहीत आहे एवढे त्याला कळले तरी संभाषणाचा सूर बदलतो.

मर्सिडीजच्या ई-क्लासमध्ये डब्ल्यू २११ ही पिढी दिसायला अत्यंत देखणी. तिच्या २००६ पूर्वीच्या गाड्यांत ब्रेकची रचना वेगळी होती. पायडलीचा दाब थेट चाकांकडे न जाता विजेवर चालणारा पंप तो निर्माण करीत असे. या प्रणालीतील दोषांमुळे कंपनीने २००४ मध्ये सहा लाख ऐंशी हजार आणि २००५ मध्ये, अंशतः याच कारणाने, तेरा लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या, आणि २००६ च्या सुधारित गाडीत ही प्रणालीच काढून टाकली. म्हणून ही पिढी घ्यायचीच असेल तर २००६ नंतरची घ्यावी. त्याच सुमाराच्या व्ही-६ पेट्रोल इंजिनात बॅलन्स शाफ्टचे दातरे झिजत आणि दुरुस्तीसाठी इंजिन खाली उतरवावे लागे. पाच गिअरच्या स्वयंचलित पेटीत विजेच्या जोडातून ऑइल पाझरून तारेच्या आतून कंट्रोल युनिटपर्यंत चढते. जोड वीस-पंचवीस वर्षांच्या रबराचा, नुकसान मात्र लाखाच्या घरात. पुढच्या सात गिअरच्या पेटीत वेगमापक सेन्सर असलेली पट्टी बिघडते आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. २००९ नंतरच्या डब्ल्यू २१२ पिढीतील चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला सुरुवातीच्या काळात इंजेक्टरांनी पुष्कळ त्रास दिला. ते बदलल्याचे बिल असेल तर गाडीची किंमत थोडी जास्त देण्यास हरकत नाही. एस-क्लासचा मोह तर विशेष मोठा, कारण ती उतरते फार. तिच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. संध्याकाळी गाडी पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, ती सुरू होण्यापूर्वी, पुन्हा जाऊन पाहावी. एक कोपरा रात्रीतून खाली बसला असेल तर पिशवी गळते आहे आणि हवा भरून भरून कॉम्प्रेसरही थकलेला आहे.

बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या दरम्यानच्या दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन हा या घराण्याचा सर्वाधिक गाजलेला आजार. ही साखळी इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरपेटीकडच्या बाजूला बसवलेली आहे. तिचे प्लास्टिकचे मार्गदर्शक झिजले की साखळी सैल होते, आणि तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच संपते. थंड इंजिन सुरू करताच मागच्या बाजूने खरखर ऐकू आली तर तेथेच नमस्कार करावा. नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या कूलरमधून कूलंट गळत असे; २०१८ मध्ये दक्षिण कोरियात यामुळे गाड्यांना आगी लागल्या आणि मोठ्या प्रमाणावर गाड्या परत बोलावल्या गेल्या. पेट्रोल इंजिनांत विजेवर चालणारा पाण्याचा पंप आणि कूलंटची प्लास्टिकची टाकी ही मर्मस्थाने होत. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, तेव्हा म्हातारे प्लास्टिक प्रथम हार मानते. अनेक बीएमडब्ल्यूंत पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात. त्यांची बाजू ताठ असल्याने आपल्या खड्ड्यांत त्यांना फुगवटे येतात, आणि जादा टायर गाडीत नसतो.

स्वयंचलित गिअरपेटीचे ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे बीएमडब्ल्यूचा विक्रेता सांगतो. पेटी बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरांत, किंवा आठ वर्षांत, ते बदलण्याचा सल्ला देते. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न येथे विचारावासा वाटतो.

ऑडी, स्कोडा आणि फोक्सवॅगन ही एकाच कुटुंबातील भावंडे. २००८ ते २०११ च्या सुमाराच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत पिस्टनच्या कड्यांमुळे ऑइल फार जळत असे आणि साखळी ताणून धरणारा टेन्शनर कमकुवत होता. विक्रेत्याने गाडीत ऑइलचा डबा ठेवला असेल तर ती त्याची काळजी नसून रोगाचे लक्षण आहे. दोन कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या पेटीला शहरातील सरकत्या गर्दीचे वावडे असते. चढावर हळूहळू पुढे जाताना थरथर जाणवली तर खर्च जवळ आला आहे असे समजावे. डिझेल धुराच्या प्रकरणी डिसेंबर २०१५ मध्ये या कुटुंबाने भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या होत्या. आपण पाहत असलेली गाडी त्यांत होती का आणि तिचे काम झाले का, हे चासी क्रमांकावरून विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष तपासणीचा एक नियम कधीही मोडू नये : इंजिन थंड असतानाच पाहायचे. जाण्यापूर्वी विक्रेत्याला तसे कळवावे, आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर चहा घेऊन परत यावे, दुसऱ्या दिवशी जावे. दवाखान्यात आणण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवलेले मूल आणि आधीच तापवून ठेवलेले इंजिन यांच्यात माझ्या दृष्टीने काहीच फरक नाही. संगणकीय तपासणीतही हीच युक्ती चालते. गाडीच्या स्मृतीतील दोषांच्या नोंदी विक्रेता पुसून टाकतो आणि यंत्र लावल्यावर सर्व काही निरोगी दिसते. परंतु नोंदी पुसल्या की गाडीच्या अंतर्गत स्वयंचाचण्याही पुन्हा शून्यावर येतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालणे लागते. म्हणून मेकॅनिकला नुसते दोष नाहीत ना एवढे न विचारता, सर्व स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का, हेही विचारावे. अपूर्ण असतील तर नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या आहेत, किंवा बॅटरी काढली होती. यंत्रही त्या त्या कंपनीच्या प्रणालीचे असावे. सामान्य स्वस्त यंत्र इंजिनापुरतेच बोलते, ब्रेक आणि एअरबॅगविषयी गप्प राहते. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्रही उपयुक्त आहे. कारखान्यातील रंग साधारणतः शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतो. एखाद्या दारावर तीनशेच्या वर आकडा गेला तर खाली लांबी भरलेली आहे. त्यानंतर गाडी बाहेरच्या वळण रस्त्यावर न्यावी. १५८ किलोमीटरचा हा नेहरू आउटर रिंग रोड गाडीची स्थिरता आणि गिअर पाहायला उत्तम आहे, पण सस्पेन्शन पाहायला जुन्या शहराच्या गल्ल्याच हव्यात. दोन्ही ठिकाणी न नेता गाडी घेऊ नये.

बालरोगतज्ज्ञ म्हणून ज्या मुद्द्यावर मी आग्रही आहे तो एअरबॅगचा. अपघातात उघडलेली एअरबॅग नव्याने बसवणे महाग असते. म्हणून काही ठिकाणी नुसते झाकण बसवून, तारेत रोधक टाकून दिवा फसवला जातो. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर दोष आहे हे उघडच. पण तो मुळीच पेटला नाही तर त्याहून गंभीर गोष्ट आहे. दुसरा धोका ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा. त्यांतील रसायन अमोनियम नायट्रेट होते आणि उष्णता व आर्द्रता यांनी वर्षानुवर्षे त्याचा ऱ्हास होत गेल्यावर, एअरबॅग उघडताना तिचे धातूचे कवचच फुटून तुकडे प्रवाशाच्या अंगावर येत. जगभर किमान तीस माणसे यात दगावली, कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडी या तिन्ही घराण्यांच्या काही मॉडेलांत या एअरबॅगा होत्या. हैदराबादची उष्णता आणि मुंबई-चेन्नईची दमट हवा यांत दहा-पंधरा वर्षे काढलेली गाडी आपण घेत आहोत, हे लक्षात घेता अधिकृत केंद्रात चासी क्रमांक देऊन हे काम झाले आहे ना, याची खात्री घरच्यांना गाडीत बसवण्यापूर्वी करावी.

मागील आसनाच्या पाठीत आणि बैठकीच्या फटीत मुलांची खुर्ची अडकवण्याच्या आयसोफिक्स कड्या असतात. चामड्याची नवी आवरणे शिवताना त्या झाकल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. हात घालून त्या चाचपून पाहाव्यात. पाठमोरी बसवायची बाळाची खुर्ची, चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर कधीही ठेवू नये. एअरबॅगचा धक्का थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. आठ एअरबॅगांच्या गाडीत नातवाला मांडीवर घेऊन पुढे बसणारे आजोबा आपल्याच समाजात दिसतात. त्यांच्याशी दंडाचा मुद्दा काढावा लागू नये, पण काढावा लागला तर काढावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. दिल्लीत २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. त्यानंतरही या निर्बंधांत फेरबदल होत आले आहेत. परिणामी तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या दक्षिणेत स्वस्तात येतात. त्यांचे ना हरकत प्रमाणपत्र, येथे भरावा लागणारा आजीवन कर आणि नव्या नोंदणीचा खर्च धरल्यावर ती स्वस्ताई बहुधा उरत नाही. गाडीवर बँकेचा कर्जबोजा होता तर तो उतरल्याची नोंद आरसीवर हवी. थकलेले ई-चलान तपासून घ्यावे. हस्तांतराची सूचना राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला द्यावयाची असते. आपण जुनी गाडी विकत असाल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण नोंदणीत नाव ज्याचे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमा घेताना पाण्याने इंजिनाचे होणारे नुकसान भरून देणारे जादा संरक्षण घ्यावे. नेहमीच्या पॉलिसीत ते बहुधा नसते, आणि आपल्या शहरात ते लागते.

आणि पैसे मोजण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या मागाव्यात. या गाड्यांच्या किल्ल्या कोपऱ्यावरच्या दुकानात बनत नाहीत. चासी क्रमांक व मालकीचे कागद दाखवून त्या मागवाव्या लागतात, त्याला वेळ लागतो आणि खर्चही बराच येतो. विकणारा म्हणेल, दुसरी किल्ली घरी कोठेतरी आहे, सापडली की पाठवून देतो. त्याला सांगावे, सावकाश शोधा, आम्ही उद्या येतो.